चावऱ्या पोराची मामी

लग्नाच्या जेवणात शेजारी बसलेल्या माणसानं ‘आपण काय करता?’ असं विचारलं, की मी नोकरीभर अडखळत आलो. ‘लहान मुलांच्या वागणुकीच्या तक्रारींवर काम करतो,’ असं सांगितलं की तो हातातली जिलेबी तशीच धरून मला न्याहाळायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, ‘म्हंजे पागलाचे डॉक्टर?’

मी डॉक्टर नाही. मानसशास्त्र शिकलेला समुपदेशक. अकोल्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात, बालरोग विभागाच्या मागे, एक्स-रेला लागून माझी खोली होती. बाहेरच्या बाकावर चावणारी, पळून जाणारी, वर्गात कुणाशीच न बोलणारी, आईचे केस ओढणारी मुलं आणि त्यांच्यामुळे जेरीस आलेली माणसं बसलेली असायची. जवळजवळ प्रत्येकाला गोळी हवी असायची. मूर्तिजापूरकडचे एक गृहस्थ तर हात जोडून म्हणाले होते, ‘सर, याले एखादं इंजेक्शन मारा, याची मस्ती गेली पायजे. पण हुशारी कमी नोका होऊ देऊ, इंजिनेर कराचा हाये.’

असं इंजेक्शन नाही, हे सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता अमरावतीला मुलाजवळ राहायला आलो आहे. या अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर यशाच्या चार गोष्टी सांगाव्यात असं आधी मनात आलं. तशा आहेतही. पण लिहायला बसलो की शालू आणि तिचा भाचा रोशन हेच समोर येतात, आणि ती काही यशाची गोष्ट नाही.

रोशन पहिल्यांदा आला तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच्या मामानं, दिलीपनं, त्याचं मनगट घट्ट पकडलेलं होतं. दिलीप एस.टी.त कंडक्टर. भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच त्याचा आवाज, आणि घरीही तोच. मागे मामी, शालू. बारीक, पदर खांद्यावरून घेतलेली, खुर्ची असून भिंतीला टेकून उभी.

‘सर, हा पोट्टा चावते,’ दिलीप म्हणाला. ‘शाळेतल्या मॅडमले चावला. रक्त काढलं. आता शाळा म्हणते, दाखला घेऊन जा. मी पट्ट्यानं हाणला, तं मले चावला.’

बोलता बोलता त्यानं बाही वर केली. दातांचे व्रण स्वच्छ दिसत होते. रोशन तोपर्यंत टेबलाखाली गेलेला. मी त्याला बाहेर बोलावलं नाही. मीही खाली फरशीवर बसलो, थोडा लांब, दाराची वाट मोकळी ठेवून. तो माझ्याकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता.

त्या मुलाची हकीकत शालूकडून तुकड्या-तुकड्यांनी कळली. त्याची आई म्हणजे दिलीपची धाकटी बहीण. तिला शेंदूरजनाघाटला दिलेलं. नवरा संत्र्याच्या पेट्या भरण्याच्या कामावर. ‘दारू नव्हती त्याले,’ शालू म्हणाली, ‘राग होता.’ पोटुशी असतानाही तो मारायचा. त्याच्या चपलांचा आवाज अंगणात आला की ती पोटावर हात धरून मोरीत जाऊन उभी राहायची. मूल सातव्या महिन्यातच झालं आणि किती तरी दिवस काचेच्या पेटीत होतं. घरी आल्यावर आई त्याच्याकडे बघेना. बाळ रडायचं, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. पुढे ती नवऱ्याला सोडून माहेरी आली, तिचं दुसरं लग्न झालं, आणि त्या लग्नात रोशनला जागा नव्हती. तो मामाकडे राहिला. मामा-मामीला लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. सगळ्यांना वाटलं, बरंच झालं.

इथे थोडं धंद्यातलं सांगतो. माणसाच्या अंगात धोक्याची एक घंटा असते. साप दिसला की आपण विचार करत बसत नाही, आधी उडी मारतो. ती उडी ही घंटा मारायला लावते. छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, रक्तात काही रसायनं उतरतात. धोका टळला की सगळं निवतं. मूल पोटात असताना आई रोज अशी धास्तावलेली असली, तर त्या रसायनांचा थोडाफार अंश बाळापर्यंतही पोचतो. जन्मल्यावर पहिली दोन-तीन वर्षं तर ही घंटा बसवण्याचंच काम चालू असतं. बाळ रडतं, कोणी तरी उचलतं, ते शांत होतं. असं असंख्य वेळा झालं की त्याच्या मेंदूला कळतं, घाबरलो तरी पुन्हा शांत होता येतं. रोशनला हे शिकायलाच मिळालं नव्हतं. त्याची घंटा कशानेही वाजायची, आणि बंद कशी करायची हे त्याच्या शरीराला ठाऊक नव्हतं. शाळेत बाईंनी मागून येऊन त्याचा हात धरला. आपल्या लेखी ती शिस्त. त्याच्या लेखी साप.

अशा घरातलं प्रत्येक मूल चावरंच होतं असं मात्र नाही. काही मुलं उपजतच सोशिक असतात, काही उपजतच हळवी. कोणाच्या वाट्याला काय येईल, ते आईबापही ठरवत नाहीत आणि मूल तर नाहीच नाही. दिलीपला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘म्हंजे हा बापावर गेला. मंग काय होणार!’ या एका वाक्याशी मी आयुष्यभर भांडलो. शरीराचा वाटा आहे असं सांगावं, तर लोक म्हणतात रक्तातच खोट आहे. परिस्थितीचा वाटा आहे म्हणावं, तर म्हणतात आईनं बिघडवलं. दोन्हीकडून दोषच शोधतात.

पहिली दोन कामं मी मानसशास्त्राबाहेरची केली. रक्त तपासायला लावलं; अंगात रक्त फारच कमी निघालं, आणि अशी मुलं चिडकी असतात. मग कान दाखवायला पाठवलं. एका कानात पाणी साचलेलं होतं आणि त्या बाजूनं त्याला जेमतेम ऐकू येत होतं. बाई त्या बाजूनं ओरडत होत्या आणि तो ‘मुद्दाम ऐकत नाही’ म्हणून मार खात होता. औषधानं दोन्ही गोष्टी सुधारल्या. घंटेला औषध नव्हतं. तिथे माणूस लागणार होतं, आणि ते माणूस शालू झाली.

मी तिला थोडंच सांगितलं होतं. मागून धरायचं नाही. पुढे काय होणार ते आधी सांगायचं. चिडला की समजावत बसायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. बाकी सगळं तिनं स्वतःच शोधून काढलं. कुकरच्या शिट्टीला तो किंचाळत पळायचा, म्हणून ती गॅस पेटवण्याआधी सांगायची, ‘रोशन, मी कुकर लावून राहिली बरं. शिट्टी होईन आता.’ पुढे पुढे शिट्टी झाली की तोच स्वयंपाकघराच्या दारात येऊन ‘झाली, मामी!’ असं ओरडायला लागला. दिलीपला तिनं सांगून टाकलं, ‘घरात शिरन्याच्या आंधी फाटकातूनच आवाज देत जा, पण हळू.’ दिलीप मला म्हणाला, ‘सर, माह्याच घरात मी बेल मारून जाऊन राहिलो.’ म्हणाला हसत, पण करायचा.

शालूनं त्याला महापालिकेच्या शाळेत घातलं. तिथल्या बाईंनी त्याला दाराजवळ बसू दिलं. चावणं थांबलं. वर्षाच्या शेवटी तो माझ्या खोलीत आला तेव्हा टेबलाखाली न जाता खुर्चीवर बसला आणि पाय हलवत त्यानं मला विचारलं, ‘तुमी शाळेत नाई जात काय?’ शालू त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर हसली. म्हणाली, ‘काल झोपेत माह्या पोटावर पाय टाकला यानं, सर.’ एखाद्याचा मुलगा बोर्डात आल्यासारखं तिनं ते सांगितलं.

आणि मग शालूला दिवस गेले.

इतक्या वर्षांनी. घरात आनंदच झाला. बाळंतपण मात्र अवघड गेलं, आणि मुलगी झाली ती पोटदुखीनं सदा रडणारी. शालू तिला घेऊन फेऱ्या मारायची. दिलीप ड्युटीवर. रोशन पुन्हा पलंगाखाली झोपायला लागला, अंथरूण ओलं करायला लागला. शाळेत एकाला ओचकारलं. त्याचं मला नवल वाटलं नाही. त्या घरात आता दिवसभर घंटा वाजत होती आणि ती बंद करणारी एकटी बाई स्वतः झोपेला महाग झाली होती. मी दिलीपला म्हटलं, ‘कोणाला तरी मदतीला बोलवा. मुलापेक्षा यांची काळजी वाटते मला.’

तो म्हणाला, ‘घरीच तं असते ती, सर.’

दवाखान्यात मुलासाठी मी होतो. मामीसाठी कोणी नव्हतं. बाळंतिणीचं वजन आणि टाके बघायचे, ती झोपली का हे विचारणारा विभाग नव्हता. वरिष्ठांशी बोलून बघितलं. ते म्हणाले, आधी पोरांचंच उरकत नाही.

एका सोमवारी तिघंही आले. मुलगी शालूच्या मांडीवर. रोशनला बाहेर बाकावर बसवलेलं. दिलीपचा आवाज त्या दिवशी खाली होता, त्यानंच मला भीती वाटली.

‘काल यानं गुड्डीचं तोंड दाबलं,’ तो म्हणाला. ‘हिनं पायलं म्हणून वाचली.’

मी म्हटलं, त्याला तिचा जीव घ्यायचा नव्हता, आवाज बंद करायचा होता. ते खरंच होतं. पण तान्ह्या मुलीच्या बापाला या दोन गोष्टींत काय फरक? त्यानं ठरवून टाकलं होतं. परतवाड्यापुढे, चिखलदऱ्याचा घाट लागायच्या आधी एक निवासी शाळा होती, शिस्तीसाठी नावाजलेली. तिथे ओळखीनं जागा मिळत होती. मी बरंच बोललो. या मुलाला पुन्हा एकदा घरातून काढलं तर जे कमावलं ते सगळं जाईल, आठवड्यातून तीनदा आणा, मी घरी येतो, गुड्डीला त्याच्यापासून लांब ठेवायची व्यवस्था करू.

दिलीप शांतपणे म्हणाला, ‘सर, तुमच्या घरी ठेवता काय?’

मी शालूकडे बघितलं. ती माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं होतं. ती फरशीकडे बघत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, ‘जाऊ द्या त्याले.’

बाहेर रोशन बाकावर बसून पाय हलवत होता. त्याला काहीही सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी ती शाळा बघायला गेलो. अधीक्षक चांगला माणूस होता, त्यानं मला अभिमानानं फिरवलं. मुलं जेवणाच्या रांगेत उभी होती. ‘हा पाहा तुमचा रोशन. आला तेव्हा दोघातिघांना चावला. आता आवाज नाही.’ रोशन हात मागे बांधून उभा होता. मी नाव घेतलं, त्यानं मान वर केली, खाली घातली. डोळ्यांत राग नव्हता, ओळख नव्हती, काहीच नव्हतं. शांत झालेलं मूल आणि गोठलेलं मूल यांतला फरक ओळखणं हा माझ्या धंद्याचा पाया. शांत मूल थोड्या वेळानं काही तरी विचारतं, खाजवतं, शेजारच्याला ढकलतं. गोठलेलं मूल काहीच करत नाही, आणि म्हणून त्याचं कौतुक होतं. अधीक्षकाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘सर, अख्ख्या वसतिगृहात असं एकच पोरगं शांत आहे, आणि तुम्ही त्याच्याबद्दल तक्रार करता?’

शालू त्याला भेटायला कधी गेली नाही. मला त्याचा राग आला होता, हे लिहायला हवं. एवढं करणारी बाई स्वतःचं मूल झाल्यावर बदलली, असंच मी धरून चाललो. सगळेच तसं समजत होते.

पुढचं मला उडत उडत कळत गेलं. रोशन दहावीत नापास झाला. धामणगाव रेल्वेला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागला. मामाकडे गेला नाही. मीही निवृत्त झालो.

अमरावतीत आठवड्यातून एकदा मी एका दवाखान्यात नव्या आयांशी बोलायला जातो. मागच्या उन्हाळ्यात तिथे पूजा नावाची मुलगी, तिशीच्या बरीच आतली, तान्ही पोर घेऊन बसली होती. सगळ्या गेल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, ‘सर, आमचे हे पोरीले हातातच घेत नाही. म्हणतात, माह्या हाताचा भरोसा नाही, तूच घे. रडली का बाहीर निघून जातात.’

मी विचारलं, मारतात का तुला. ती घाईनं म्हणाली, ‘नाई नाई! कधीच नाई. टेम्पो चालवतात, घरी येतात, गुपचूप रायतात. म्हणतात, मी वाईट हाओ. लहानपणी एका पोरीचं तोंड दाबलं होतं, म्हणून घरच्यायनं काढून देल्लं.’

नाव विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

रोशन पूजाला घ्यायला आला तेव्हा मी त्याला माझी ओळख दिली. उंच झाला होता, मिशी होती. तो आदरानं म्हणाला, ‘सर, मले तुमी आठवत नाही.’ खुर्चीवर बसलेला, पाय हलवणारा तो मुलगा त्याला आठवत नव्हता. कुकरही आठवत नव्हता. ते सगळं वर्ष पुसलं गेलं होतं. आठवत होता तो निवासी शाळेच्या फाटकात ठेवलेला त्याचा पत्र्याचा पेटारा. मी विचारलं, मामीला भेटशील का? ‘कशाले?’ म्हणाला, आणि गाडीला किक मारली. महिन्याभरानं त्याचा फोन आला. ‘पूजा मांगं लागली हाये. बोलवा त्यायले.’

शालू अकोल्याहून एकटीच आली, दुपारच्या गाडीनं. केस पांढरे झालेले. दिलीपला साखरेनं जेरीस आणलं आहे, गुड्डी बारावीत आहे, एवढं तिनं आल्या आल्या सांगितलं. रोशन माझ्या बैठकीत दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. पूजा मुलीला घेऊन आत माझ्या सुनेजवळ. पाणी झालं, चहा झाला. रोशन तिला ‘तुमी’ म्हणत होता. तब्येत बरी हाये ना तुमची. हो. मामाची? ठीक.

मग शालू एकदम बोलायला लागली. त्याच्याकडे न बघता, हातातल्या कपाकडे बघत.

‘त्या दिवशी गुड्डीच्या तोंडावरचा तुहा हात काढला न मी, तं तुहं डोकं धरलं होतं. दोन्ही हातानं. भिंतीपाशी नेलं होतं. आपटाले.’

रोशननं मान वर केली.

‘आपटलं नाही. काहून थांबली, मले मालूम नाही. पण पुढच्या वेळेस थांबीन का नाई, याचा मले भरोसा नव्हता. झोप नव्हती मले. डोक्यात नुसतं रडनंच वाजे. मले तुहं भेव नव्हतं वाटत रे. माह्या हाताचं भेव वाटे. म्हणून म्हटलं, जाऊ द्या याले. इथं राह्यला तं माह्या हातून मरन.’

आत त्याची मुलगी कुरकुरत होती. रोशन खाली वाकून गुडघ्यांवर कोपर टेकवून बसला होता. तो म्हणाला, ‘भेटाले काहून नाही आली?’

‘तोंड नव्हतं दाखवाले.’

‘मले वाटलं, मीच...’ तो थांबला. ‘मंग सांगाचं होतं ना.’

‘आठ वर्षाच्या पोराले काय सांगू, बापा?’

‘हेच,’ रोशन म्हणाला.

शालूनं कप बाजूला ठेवला. इतकी वर्षं मी तिला बदललेली बाई समजत होतो. त्या सोमवारी माझ्या खोलीत बसून ती मुलाला वाचवत होती, आणि त्या खोलीत ते बोलायची सोय नव्हती. आमचा सगळा धंदा मुलाच्या भीतीचं मोजमाप करत होता. ज्या बाईच्या जिवावर ते सगळं चाललं होतं, तिच्या भीतीला आम्ही विचारलंच नाही.

फार काही झालं नाही त्यानंतर. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. पूजानं मुलीला आणून शालूच्या मांडीवर ठेवलं, शालूनं तिची टाळू हुंगली आणि लगेच परत दिली. पाच वाजता रोशन उठला, म्हणाला, ‘चाला, स्टँडवर सोडून देतो.’

पूजा अजून दवाखान्यात येते. ती म्हणते, आता तो मुलीला घेतो, पण खाली बसून, आणि पूजा शेजारी असली तरच. ती स्वयंपाकघरात गेली की हाक मारतो. अकोल्याला तो गेलेला नाही.

भेटीच्या त्या रात्री घरी पोचल्यावर शालूनं मला फोन केला होता. मी विचारलं, रस्त्यात काही बोलला का?

‘काहीच नाई बोलला. पिशवी वर ठेवून देल्ली अन् खाली उतरला. पण गाडी हालेपर्यंत उभा होता, सर.’

मी म्हटलं, पुष्कळ झालं. पुष्कळ नव्हतंच ते. त्या दोघांच्या वाट्याचं जे होतं, त्यातलं तेवढंच उरलं होतं.